कीर्तनाखालची भाषा

"निळ्या डब्याला तेवढा हात लावायचा नाही, चारु. बाकी सगळं घर तुझं."

हे असं म्हणाले तेव्हा त्यांच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. दारात रिक्षा उभी होती, मागे त्यांची ती जाड पट्ट्यांची बॅग टाकलेली. नऊ महिन्यांसाठी जहाजावर जायचे, पण जाताना सांगायचे ते असलंच काहीतरी. गॅसचा नंबर लाव, नळाचा वॉशर बदलून घे, डब्याला हात लावू नकोस. एकतीस वर्षं झाली त्याला. ह्यांना जाऊनही आता मार्गशीर्षात वर्ष होईल. तरी काल सकाळी दूर्वा निवडताना हा आवाज कानाशी आला, आणि मला आश्चर्य वाटलं नाही, भीतीही वाटली नाही. दूर्वांच्या जुड्या एकवीस-एकवीसच्या होत्या, त्या तशाच मोजत राहिले.

आवाज यायला कारण झालं अश्लेषाचं. ही माझ्या दिरांची मुलगी, सांगलीला कॉलेजात इंग्रजी शिकवते. ह्यांचा ईमेल तीच बघायची, अजून तीच बघते. मी सकाळी नैवेद्य होईपर्यंत बोलत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून ती बोलून पाठवते आणि मी ऐकते. देवघराच्या फळीवर फोन ठेवला होता. "काकू, मौन चालू असेल, तू नुसतं ऐक. काकांच्या मेलवर पत्र आलंय, मेलबर्नहून. काकांच्या जहाजावर ते पानायोतिस होते ना, त्यांच्या नातीचं. आजोबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत, तिच्याकडेच असतात. आता सगळं विसरलेत. इंग्रजी गेलं, नेहमीचं ग्रीकही गेलं. फक्त त्यांच्या लहानपणच्या गावची बोली राहिलीय, आणि ती घरात कुणालाच येत नाही. ती लिहिते, की आजोबांनी आपल्या आईचा आवाज टेप करून एका भारतीय मित्राला सांभाळायला दिला होता, असं ते पूर्वी सांगायचे. काकू, काकांच्याकडे अशी कॅसेट होती का? बघ ना. एकच प्रत आहे म्हणे."

ऐकून मी समईची वात पुढे सारली. मौन होतं, त्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता. मौनाचा हा उपयोग मला नवीन नाही.

तेवढ्यात साळूबाई फुलं घेऊन आली. ती माझ्या माहेरची, कोरेगावची. इथं गोडोलीत लेकीकडे राहते आणि चार घरी फुलं देते. "आवं वैनी, गप बसा तुमी, तुमचं चालू द्या. मीच बोलती दोगींचं." परडी ठेवून ती पायरीवर टेकली. "काल त्या देशपांडीणबाई म्हनत हुत्या, चारुशीलावैनींवानी नेम उभ्या साताऱ्यात कुनाचा न्हाई. एकतीस वरसं मौन! म्या म्हनलं, आवं, आमच्या कोरेगावची हाय ती. लहानपनी लय बडबडी हुती, येवढी की मास्तर बाकावर उभी करायचा. तवाचं सगळं आता वसूल हुतंय." आणि स्वतःच हसली. मी मान हलवली. एकतीस हा आकडा तिनं असा पायरीवर, जास्वंदीच्या बाजूला ठेवून दिला.

हे जतचे. तिकडे दुष्काळी भागात शाळेत मराठी आणि घरात अर्धं कानडी. ह्यांची आई एका वाक्यात दोन्ही घालायची, ती बोलायला लागली की सांगलीचे पाहुणे ओठ दाबून हसायचे, आणि हे लाजून बाहेर जायचे. इंजिन फिटर म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढले तेव्हा मालक ग्रीक, निम्मे लोक ग्रीक. इंजिनरूमच्या उकाड्यात एक दाढीवाला माणूस त्यांच्याकडे हात करून म्हणाला, "नेरो, नेरो." ह्यांनी पाण्याचा जग उचलून दिला. पाण्याला त्यांची आई 'नीरु' म्हणायची. दिल्यावर लक्षात आलं, की हा माणूस जतचा असणं शक्य नाही. ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतर शंभर वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी शेवटी बोट उचलून, "नातं काही नाही हां चारु, निव्वळ योगायोग. 'नेरो' म्हणजे मुळात 'ताजं'. ताजं पाणी, ताजं पाणी म्हणता म्हणता पाणी गळून पडलं आणि ताजं तेवढं राहिलं." तो दाढीवाला म्हणजे पानायोतिस. आणि पुढे त्यानंच सांगितलं, की नेरो हा शब्द तो शाळेत शिकला. त्याच्या आईच्या डोंगरात पाण्याला अजून वेगळंच म्हणतात, फार जुनं.

तिथून ह्यांच्या वह्या सुरू झाल्या. लांब, कापडी पाठीच्या वह्या, एका पानावर एकच शब्द, मराठी अर्थासकट, सगळं देवनागरीत, आणि त्याचे उभे रकाने. पहिल्यात महाकाव्यांच्या काळातला शब्द, दुसऱ्यात अथेन्सचा, तिसऱ्यात शिकंदराच्या नंतर सगळ्या बाजारांतून झाली ती सामायिक भाषा, कोइने. चौथ्यात कॉन्स्टँटिनोपलच्या दरबाराची. पाचव्यात आजची, आणि त्यातही दोन उपरकाने, कारण ह्यांच्या तरुणपणापर्यंत त्या देशात शाळा-कचेरीची शुद्ध भाषा एक आणि घरातली एक, असं चालू होतं. सहावा रकाना लाल शाईचा. त्साकोनियन. पानायोतिसच्या आईची. "बाकी आजच्या बहुतेक सगळ्या बोली कोइनेच्या लेकी," हे म्हणायचे, "ही एकटी जुन्या स्पार्टाच्या डोरिकची लेक. डोंगरात राहिली म्हणून वाचली. मेंढपाळांची भाषा. त्यांना लाज वाटते बोलायची." मी पोळ्या लाटत असे. मला त्यातलं थोडं समजायचं, थोडं मी समजू द्यायची नाही. एकदा म्हणाले, "आयोनियाच्या किनाऱ्यावरचे लोक ह गिळायचे. सूर्याला अथेन्सवाले हेलिओस म्हणायचे, तर हे एलिओस. अगदी तुमच्या कोरेगावसारखं. बोल बघू, 'आमी न्हाई येनार'. बोल ना." मी बोलले नाही. सासरी येऊन पाच वर्षं झाली होती, प्रत्येक 'आहे' आणि 'नाही' मी तोंडात आधी धुऊन मग बाहेर काढत होते, आणि ह्यांना ते उलटं हवं होतं. मला वाटलं थट्टा करतायत. आता वाटतं, करत नसावेत. वाटतं म्हणजे, असं वाक्य मनात येतं. त्याच्याबरोबर दुसरं काही येत नाही.

कॅसेट पानायोतिसनं दिली ती ह्यांना शब्द उतरवून घ्यायला. आई होती तेव्हा जिवंत. पुढच्याच हिवाळ्यात ती गेली, आणि त्यानं पत्रात लिहिलं, तुझ्याकडेच राहू दे, आमच्या घरात असल्या वस्तू टिकत नाहीत, माझी भावंडं असल्या भाषेला हसतात, मी म्हातारा झालो की येऊन घेऊन जाईन. ह्यांनी तसा शब्द दिला. मग कॅसेटच्या वरच्या कडेची ती दोन छोटी प्लॅस्टिकची झाकणं मोडून टाकली. ती मोडली की तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही. हे त्यांनी मला दाखवून सांगितलं होतं, चिमट्यानं मोडताना. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. सुट्टीवर असले की रविवारी दुपारी ते खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. एक म्हातारी बोलते आहे, मध्ये कोंबड्या, लांब घंटा, बहुधा शेळ्यांच्या. ती मध्येच हसते. हे पण हसायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "माझ्या आईचा आवाज कुठंच नाही, चारु. सुचलंच नाही कधी. हिला ऐकलं की ती जवळपास आहे असं वाटतं." चहा थंड झाला. ती बाई कोण कुठली, पण माझ्या घरात ती डब्यात राहायची आणि रविवारी बाहेर यायची, आणि ती असताना मी नसायची. हे तेव्हा मी असं शब्दांत मांडलं नव्हतं. शब्द नसतानाच राग धरायला सोपं जातं.

ज्या वर्षी ते बूट हातात धरून बोलले त्याच वर्षी आमच्या महाराजांचं दत्तमंदिरात कीर्तन होतं. मी त्यांचा अनुग्रह घेतलेला. ते थकले होते; हे शेवटचं, असं सगळे म्हणत होते. घरात कोरी कॅसेट नव्हती. गुरुवार, पोवई नाक्यावरचं दुकान बंद. मी निळा डबा उघडला. वरची ग्रीक अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण कोणती ते मी ओळखलं. त्या मोडलेल्या दोन्ही जागा मी कुंकवाच्या पुडीच्या कागदाच्या घड्या करून बुजवल्या, वर चिकटपट्टी लावली. मनात आलं, की कुठल्या मेंढरामागच्या बाईची बडबड, तिच्यावरून देवाचं नाव जाईल तर तिचंही भलंच होईल. हे खरंच मनात आलं. आपल्यात नाही का, जमीन सारवून घेतात आणि मग तिच्यावर पाट मांडतात, तसं. पहिली बाजू पूर्ण भरली, उलटून दुसरी लावली, आरती झाल्यावर बटण दाबलं. पेटीच्या सुरांत, झांजेत ती म्हातारी खाली कुठं गेली ते मला ऐकू आलं नाही.

हे परत आले. आल्यावरच्या पहिल्या रविवारी दुपारी खुर्ची खिडकीशी ओढल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते. मग बटण. मग झांज. मी घुसळत राहिले. त्यांनी ती बंद केली नाही. पहिली बाजू संपली, उलटली, दुसरी लावली. मी आरती सुरू व्हायच्या आत गच्चीवर वाळवण काढायला गेले, जे अजून वाळलं नव्हतं. मग ते जेवायला आले. मी वाढलं. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "भात जरा मऊ झालाय."

एवढंच. त्या दिवशीही एवढंच आणि पुढे तीस वर्षंही एवढंच. वह्यांतला सहावा रकाना त्या रविवारनंतर रिकामा. मी पाहिलं आहे, लाल रेघा आखलेल्या, आत काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंघोळ करून देवासमोर बसले आणि नैवेद्यापर्यंत बोलणार नाही असं पाणी सोडलं. त्यांनी विचारलं नाही का म्हणून. मीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ते एक वाक्य होतं. त्याच्याऐवजी मी हजारो सकाळी गप्प राहिले, आणि लोक त्याला नेम म्हणाले. संकष्टी आली, प्रदोष आले, नंतर ह्यांच्या वहीचं एक पान रोज वाचायचं असंही ठरवलं, पोथीसारखं, डोळ्यांना लावून. सहा रकाने, वरून खाली. त्यातही एक सोय होती. वाचलं की झालं असं वाटायचं.

दहा वाजता नैवेद्य दाखवला. आता बोलायला हरकत नव्हती. मी बोलले नाही. घरात बोलायला कुणी नव्हतंच, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नाही. अकराला अश्लेषाचा फोन आला.

"ऐकलंस ना काकू?"

"ऐकलं."

"मिळाली?"

"बघते."

"बघ हं. ती नात, क्रिसूला तिचं नाव, बिचारी फार काकुळतीला आलीय. म्हणते आजोबा दिवसभर काहीतरी मागतात आणि आम्ही देतो ते ढकलून देतात. मग रडतात. तिनं काही शब्द लिहून पाठवलेत, जसे ऐकू येतात तसे. तिथल्या ग्रीक शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनाही कळेनात. म्हणे असलं ग्रीक नाहीच. काकांच्या वह्यांत असेल का गं काही?"

"वाच."

"काय?"

"वाच ते शब्द."

ती अडखळत वाचू लागली. इंग्रजी अक्षरांवरून वाचत होती, पण मला ते पान दिसत होतं, लाल रकाना, ह्यांचं उजवीकडे झुकणारं अक्षर. "इ-ओ," ती म्हणाली.

"पाणी," मी म्हटलं. "पाणी मागतोय तो."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली.

"पुढचा?"

"आं... आंदे."

"भाकरी. म्हणजे त्यांचा पाव."

"माती? माती मी?"

"आई. माझी आई." मी म्हटलं, "अथेन्सला मेतेर म्हणायचे. डोंगरातल्यांचा आ तसाच राहिला, आपल्या मातेसारखा."

"काकू," अश्लेषा म्हणाली, आणि तिचा शिकवण्याचा आवाज गेला होता, "तुला हे कसं येतं?"

मी भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर पंचांग आहे, त्यात रोजचे होरे छापलेले आहेत. हे म्हणायचे, होरा हा शब्दही तिकडूनच आलाय, तू रोज ग्रीक वाचतेस चारु. त्या होऱ्यांकडे पाहत मला एकदम ते रविवार आठवले. नंतरच्या सुट्ट्यांतले, निवृत्तीनंतरचे, सगळे. ते दर रविवारी ती कॅसेट लावायचे. तीच. कीर्तनाची. दुसरी बाजू. शेजारी म्हणायचे, फिटरसाहेबांना तुमच्यामुळे भक्तीची गोडी लागली. मी समजत होते, मला ऐकवण्यासाठी लावतात. माझ्या केलेल्याचं माझ्यापुढे ताट ठेवतात. म्हणून आरती जवळ आली की मी गच्चीवर. कधीच शेवटपर्यंत थांबले नाही. पण कीर्तन आरतीला संपतं आणि टेप संपत नाही. बटण मी आरती झाल्यावर बंद केलं होतं. त्याच्यापुढे न पुसलेली फीत होती. पाच मिनिटं, सात मिनिटं. हे तेवढ्यासाठी पाऊण तास झांज ऐकायचे. पुढे पळवत नसत, फीत तुटेल म्हणून असेल. मी खाली यायची तेव्हा ते डोळे मिटून असायचे आणि टेप बंद झालेला असायचा.

हे कळल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. छातीत वगैरे. मी वाट पाहिली. फ्रीजचा आवाज येत होता.

"काकू? आहेस ना?"

"हाय," मी म्हटलं. मग म्हटलं, "अश्लेषा, ती कॅसेट म्या पुसली. ह्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. भोक बुजवून पुसली. महाराजांचं कीर्तन घेतलं वरून. ह्यांना ठाऊक होतं. मी कधी बोलले न्हाई."

सांगलीत कुठेतरी बस मागे घेताना वाजतात तशी टूंटूं वाजत होती. मग ती हळू म्हणाली, "काकू, मी तिला लिहिते की सापडली नाही. जुनी वस्तू, तीस वर्षं झाली. कोण काय म्हणणारेय? आणि हे तीन शब्द तर लगेच कळवते. तेवढ्यानंसुद्धा केवढं होईल."

"शब्द आत्ता कळव. तहानलाय तो."

"कळवते. आणि बाकीचं..."

"बाकीचं मी सांगते. माझ्या तोंडानं. तू नुसतं इंग्रजी कर. तुझ्याकडे ते दिसतं ना, बोलताना, समोर?"

"व्हिडिओ कॉल. काकू, कशाला पण? इतक्या वर्षांनी तू त्या पोरीला..."

"शेवटी थोडी राहिली असेल. दुसऱ्या बाजूला, आरतीनंतर. मी ऐकलेली नाही. टेप आता घरात चालत नाही. सांगलीत कुणी आहे का, जुन्या कॅसेटी बघणारा?"

"विश्वजित म्हणून एक आहेत, गाण्यांच्या रेकॉर्ड साफ करतात. पण आधी ऐकून घेऊ ना, मग तिला सांगू. काहीच नसलं तर?"

"नसलं तरी सांगायचं. आधी सांगायचं, मग ऐकायचं. उलट केलं तर मी सांगणार नाही. मला माहीत आहे."

अश्लेषानं श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "उद्या बारा वाजता ठरवू? तिकडे संध्याकाळ असते. आजोबा जागे असतात."

"बाराला मी तुझ्याकडे असेन."

"नक्की? की उद्या सकाळी परत..."

"शब्द दिला," मी म्हटलं.

दुपारी मी वह्या काढल्या. अकरा होत्या; लाल रकाना भरलेल्या चार, त्या वेगळ्या केल्या आणि जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधल्या. निळा डबा कपाटाच्या वरच्या खणात होता. त्याचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं, चमच्याच्या टोकानं उघडलं. कॅसेट होती. कुंकवाच्या कागदाच्या घड्या अजून त्या खाचांत तशाच होत्या, चिकटपट्टी पिवळी पडलेली. ह्यांनी ती काढली नव्हती. फितीला मी बोट लावलं नाही. पुसली गेल्यावर वस्तू कशी दिसते ते पाहिलं. पुसली गेली नाही तेव्हा दिसायची तशीच दिसते.

आज पहाटे उठले, अंघोळ केली, समई लावली, दोन फुलं वाहिली. नैवेद्याला वेळ नव्हता, साखर ठेवली. साळूबाई सहालाच आली, तिला काल निरोप दिला होता. किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "संध्याकाळी तुळशीला पाणी घाल. मला यायला उशीर होईल, कदाचित उद्याच येईन."

तिनं किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आवं वैनी, तुमी बोलताय की. अजून उजाडलंबी न्हाई. नेम मोडला का काय?"

"सांगलीला जायचंय."

"कुनाचं काय वाईट-वंगाळ?"

"एका म्हाताऱ्याला भेटायचंय. आजारी आहे."

"सांगलीतला?"

"न्हाई. लांबचा हाय. फोनवर."

तिला त्यातलं काही कळलं नसणार. तिनं माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला, पिशवीचा एक बंद सुटला होता तो गाठ मारून दिला. मी फाटक लावलं. सातची इस्लामपूरवरून जाणारी एसटी होती. रस्त्यावर दूधवाल्याशिवाय कुणी नव्हतं. नाक्यापर्यंत रिक्षा मिळाली नाही, म्हणून वह्यांची आणि निळ्या डब्याची पिशवी पोटाशी धरून मी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.